मोठ्या कंपनीतले अप्रूव्हल ऑटोमेट करायचेत, हात कुठून घालावा? (बडोदे)

सूरसागरकाठ

नमस्कार मंडळी. आमचं कॉर्पोरेट ऑफिस अलकापुरीत, प्लांट हालोल, सावली, मकरपुरा आणि दहेजला. खरेदी, बिलं, नवीन व्हेंडर, दरवाढ, प्रवासखर्च, मशिनरी, सगळं अप्रूव्हलवर चालतं. त्यातलं थोडं एसएपीत (खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये), थोडं मेलवर, थोडं कागदी नोटवर. एका प्लांटात तर व्हॉट्सॲपवरचा अंगठा हीच मंजुरी, त्याचा स्क्रीनशॉट प्रिंट काढून फाइलला लावतात.

आता वरून हुकूम आलाय की वर्षभरात सगळं ऑटोमेट करा. काम माझ्या गळ्यात. सॉफ्टवेअरवाले येऊन प्रेझेंटेशन देऊन गेले. प्रत्येकाने रजेचा अर्ज कसा झटपट मंजूर होतो ते दाखवलं. रजेचा अर्ज आमच्याकडे आजही अडत नाही हो, अडतात ती बिलं.

म्हणून म्हटलं, आधी एका बिलामागे स्वतः चालून बघू. गॅस्केटचा लॉट होता. सोमवारी दुपारी टेम्पो गेटवर आला, सिक्युरिटीने इनवर्ड रजिस्टरात नोंद केली. माल स्टोअरला, तिथून क्वालिटीला. गुरुवारी क्वालिटीने पास केला, स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला. बिल मात्र स्टोअरच्या ट्रेमध्येच. कारण काय, तर बिलावर पेनने जीआरएन नंबर लिहायचा असतो आणि तो लिहिणारा माणूस शुक्रवारी दुसऱ्या शेडला होता. मग ते मंगळवारच्या गाडीने अलकापुरीला आलं. अकाउंट्सने इनवर्डचा शिक्का मारला, बिल नोंदवायला घेतलं आणि तिथे ते ब्लॉक झालं, कारण बिलात टेम्पोभाडं वेगळं दाखवलेलं आणि पीओमध्ये (खरेदी-ऑर्डरमध्ये) भाड्याचा उल्लेखच नाही. बायरला, म्हणजे आमच्या खरेदीखात्यातल्या माणसाला, मेल गेली. बायर लग्नाला साताऱ्याला.

आता गंमत. आमच्या मॅनेजमेंटला जाणाऱ्या एमआयएस रिपोर्टमध्ये हे बिल ‘वेळेत’ दिसतं. कारण रिपोर्ट मोजायला लागतो अकाउंट्सच्या शिक्क्यापासून, आणि ब्लॉक असलेले दिवस वजा करतो.

तर प्रश्न असे: सुरुवात कुठून करावी? एकच टूल सगळीकडे लावावं की जिथे जे आहे ते राहू द्यावं? आणि उद्या हे सगळं उभं राहिलं की सांभाळायचं कुणी, आयटीने की त्या त्या खात्याने?

---

मिरोवाली

दादा, तुमच्या टेम्पोभाड्याने मला घरी आल्यासारखं वाटलं. मी दिवसभर हेच करते.

एसएपीत मिरो करताना, म्हणजे बिल नोंदवताना, तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पीओ, जीआरएन आणि बिल. दर किंवा नग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की बिल पोस्ट होतं पण पेमेंटला ब्लॉक लागतो, मग एमआरबीआर या स्क्रीनवर जाऊन कुणीतरी तो सोडवायचा. ही मर्यादा ओएमआर६ या सेटिंगमध्ये ठरवता येते. बऱ्याच ठिकाणी ती एकदा गो-लाइव्हच्या (सिस्टिम सुरू होण्याच्या) वेळी कन्सल्टंटने भरली, त्यानंतर तिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. किरकोळ फरकासाठी मोठं बिल अडतं ते त्यामुळे. नवीन टूल घ्यायच्या आधी हा आकडा उघडून बघा. फुकटचं काम आहे.

दुसरं. ब्लॉक झालेलं बिल कुणाचं? अकाउंट्स म्हणतं बायरचं, बायर म्हणतो स्टोअरचं, स्टोअर म्हणतं आम्ही तर जीआरएन केला, आमचं काम संपलं. सगळे आपापल्या जागी खरे असतात. आमच्याकडे शेवटी नियम केला: दराचा फरक बायरचा, नगाचा फरक स्टोअरचा, कराचा फरक आमचा, आणि भाडं-पॅकिंगसारखे किरकोळ खर्च ठरावीक रकमेपर्यंत कुणालाच न विचारता पास. भांडणं निम्म्याहून कमी झाली. टूल तेव्हाही तेच जुनं होतं.

---

बॉटवाला

एवढा विचार कशाला? आरपीए लावा, म्हणजे माणसासारखं स्क्रीनवर काम करणारा बॉट. बॉट रात्री बसून पीडीएफ वाचेल, एसएपीत भरेल, मेल पाठवेल. आम्ही एका क्लायंटकडे केलंय, झकास चाललंय.

---

रात्रपाळी

> बॉट रात्री बसून पीडीएफ वाचेल

…आणि ज्या रात्री स्क्रीनवरचं एक बटण सरकेल त्या रात्री बॉट गप्प बसेल. बॉट वाईट नाही, पण तो माणसाचे हात करतो ते करतो. ज्या जुन्या पोर्टलला एपीआय (थेट जोडायची सोय) नाही, बँकेची किंवा सरकारची वेबसाइट आहे, तिथे घालावा. ज्या सिस्टिमला सरळ दार आहे तिथे खिडकीतून उडी कशाला मारायची? शिवाय सूरसागरकाठ यांच्या गोष्टीत टायपिंगला वेळ लागलेलाच नाही. बिल ट्रेमध्ये पडून राहिलं, बॉट ट्रेमध्ये हात घालणार नाही.

सविस्तर उद्या लिहितो, आत्ता खरंच रात्रपाळी आहे.

---

तेलकट हात

मी तो गॅस्केटवालाच समजा. म्हणजे अगदी तोच नाही, पण मकरपुरा जीआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे आणि अशाच मोठ्या कंपन्यांना माल देतो. इकडून कसं दिसतं ते सांगतो.

माल दिला त्या दिवशी माझे पैसे अडकले. स्टीलवाल्याला मी रोख देतो, कामगारांचा पगार सात तारखेला. तुमच्या अकाउंट्सला फोन केला की उत्तर येतं, ‘आपका बिल सिस्टम में नहीं दिख रहा.’ दिसेल कसं? ते तुमच्याच स्टोअरच्या ट्रेमध्ये आहे. मग मी माणूस पाठवतो, तो गेटवर पास काढतो, आत जातो, ट्रेमधून बिल शोधून जीआरएन नंबर लिहून घेतो आणि कधीकधी स्वतः अलकापुरीला नेऊन देतो. तुमची वर्कफ्लो सिस्टिम म्हणजे माझा तो माणूस. पगार मी देतो.

एका कंपनीने व्हेंडर पोर्टल काढलं. आनंद झाला. बघतो तर त्यात बिल अपलोड करायला जीआरएन नंबर लागतो. जीआरएन कुणी करायचा? त्यांनी. म्हणजे त्यांनी उशीर केला की मला बिलही टाकता येत नाही आणि पोर्टलच्या हिशेबात माझं बिल उशिरा आलं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल कोण जाणे.

---

मिरोवाली

तेलकटभाऊ, हे वाचून राग आला आणि थोडी लाजही वाटली. पण यात कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि सूरसागरकाठ, तुमच्या मॅनेजमेंटला पटवायला हाच मुद्दा वापरा.

२००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. आणि हे दिवस बिल मिरो झाल्यापासून मोजत नाहीत. माल पोचल्यापासून मोजतात. मालाबद्दल तक्रार असेल तर तीसुद्धा माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते, तरच घड्याळ तक्रार मिटेपर्यंत पुढे ढकललं जातं. ‘क्वालिटीत पडलाय’ असं फोनवर सांगणं ही लेखी तक्रार नव्हे.

उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. ते व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. त्यावर आयकरात कलम ४३बी(एच) आलं, कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्चच त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरायचा. आमच्या सीएफओसाहेबांना (फायनान्सप्रमुखांना) वर्कफ्लोमध्ये रस तेव्हापासून निर्माण झाला, त्याआधी तो ‘आयटीचा विषय’ होता.

(नुसता व्यापार करणाऱ्यांना हे लागू नाही, उद्यम (एमएसएमईची सरकारी) नोंदणी असली तरी. मीडियम उद्योगालाही नाही. म्हणून व्हेंडर मास्टरमध्ये (व्हेंडरांच्या यादीत) प्रत्येकाचा प्रकार नीट भरलेला हवा, नाहीतर सिस्टिम कितीही हुशार असली तरी चुकीच्या बिलामागे धावेल.)

तर तुमचा रिपोर्ट अकाउंट्सच्या शिक्क्यापासून मोजतो, आणि कायदा मोजतो गेटपासून. प्रोजेक्टचं पहिलं काम हेच: घड्याळ गेटवर चालू करा.

---

सूरसागरकाठ

ताई, हा प्रतिसाद जसाच्या तसा उद्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे. गेटवर आमच्याकडे संगणक आहे, पण तो फक्त व्हिजिटर पास छापतो.

---

मिरोवाली

तोच वापरा की. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे. त्या बिलावर क्यूआर कोड असतो, त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम, किती आयटम, आणि आयआरएन (त्या नोंदणीचा क्रमांक) एवढं सगळं असतं. गेटवरच्या वॉचमनने नुसता स्कॅन केला तरी बिल सिस्टिममध्ये जन्माला येतं, त्या मिनिटाला. पीओ नंबर त्या कोडमध्ये नसतो, तो बिलावरून घालावा लागतो, एवढंच टायपिंग. तेलकटभाऊंसारखे ५ कोटींच्या खालचे लोक उरतात, त्यांच्यासाठी साधा फोटो आणि चार रकाने.

---

निवृत्त शिरस्तेदार

मी संगणकातला माणूस नाही. आयुष्य सरकारी कचेरीत फायली हलवण्यात गेलं. कोठीच्या इमारतीसमोरून जाताना अजून हात आपोआप शर्टाच्या खिशातल्या पेनकडे जातो. आमच्या आजोबांच्या पिढीने गायकवाडी अमलात मोडीत दप्तरं लिहिली, आम्ही गुजरातीत टिपणी लिहिली, गांधीनगरच्या सचिवालयात आयडब्ल्यूडीएमएस ही संगणकावरची फाइल-सिस्टिम आली, मग ई-सरकार आलं. फाइल कागदावरून पडद्यावर गेली. माणसं तीच.

तुम्हाला एक जागा दाखवतो, जिथे तुमचं सॉफ्टवेअर आडवं पडणार आहे. साहेबाला फाइल मंजूर करायची नसते आणि नामंजूरही करायची नसते, तेव्हा तो शेरा मारतो: ‘चर्चा करावी.’ फाइल खाली येते. आता ती कुणाकडे आहे? रजिस्टरप्रमाणे कारकुनाकडे. कारकून म्हणतो, साहेब बोलावतील तेव्हा जाईन. साहेब म्हणतात, तो आलाच नाही. अशी फाइल महिनोन् महिने कुणाच्याच नावावर नसते.

तुमच्या पडद्यावर ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोनच बटणं ठेवलीत तर साहेब तिसरं बटण स्वतः तयार करतील. म्हणजे काही न करता ठेवून देतील. ‘परत पाठवा’ हे बटण दिलंत तर त्याचा उपयोग चर्चा करावीसारखाच होईल. माझं म्हणणं, बटण द्या, पण परत पाठवताना नेमका एक प्रश्न लिहिल्याशिवाय ते दाबता येऊ नये, आणि घड्याळ साहेबांच्याच नावावर चालू राहावं. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावावर दिवस चढले की प्रश्न कमी होतात. हे मी कागदावर करून पाहिलंय, लाल शाईने.

---

रात्रपाळी

शिरस्तेदार काका, साष्टांग नमस्कार. आम्ही लोक यासाठी वर्कशॉप घेतो आणि बिलं लावतो.

आता टूलचं. एक टूल की अनेक, या प्रश्नावर माझं मत: एसएपीच्या आत सुरू होऊन आत संपतं ते एसएपीतच ठेवा. जे काम तीन-चार सिस्टिम आणि दोन-तीन खाती ओलांडून जातं, त्याच्यासाठी वेगळं प्रोसेस इंजिन (काम टप्प्याटप्प्याने पुढे नेणारं सॉफ्टवेअर) घ्या. प्रक्रिया बीपीएमएन २.० मध्ये काढा. हे चित्रांचं मानक २०११ पासून आहे, पुढे आयएसओनेही स्वीकारलं. त्यामुळे टूल बदललं तरी चित्रं बरीचशी नेता येतात. ‘बरीचशी’ म्हणतोय. सेल्सवाला ‘सगळी’ म्हणेल. ॲक्टिव्हिटी, कॅमुंडा, फ्लोएबल ही इंजिनं एकाच खोडाची फांदी-भावंडं, तरी एकातून दुसऱ्यात जाताना घाम फुटतो.

मंजुरीच्या मर्यादा, म्हणजे कुणी किती लाखांपर्यंत सही करायची, चित्राच्या आत कोरू नका. वेगळा तक्ता ठेवा, आणि तो फायनान्सला स्वतः बदलता आला पाहिजे. त्या तक्त्यात माणसाचं नाव कधीही नको, पद हवं. बदली, रजा, राजीनामा, सगळं पदावर सांभाळता येतं. साताऱ्याला गेलेल्या बायरच्या जागी कोण, हे सिस्टिमला तो एसटीत बसायच्या आधी माहीत हवं.

---

कारेलीबाग

माझा एक विरोधी सूर. मर्यादा जेवढ्या नीट बसवाल तेवढे लोक त्याखाली रांगायला शिकतात. पाच लाखांवर डायरेक्टरची सही म्हटलं की पाच लाखांच्या जरा खालच्या पीओंचा पाऊस पडतो. एकाच पंपाचे तीन तुकडे. वर्कफ्लो प्रत्येक तुकडा ‘नियमानुसार’ पास करतो. पूर्वी खरेदीप्रमुखाला कागद हातात आला की वास यायचा, आता यंत्राला नाक नाही.

---

रात्रपाळी

बरोबर आहे, पण उपाय आहे. मर्यादा एका पीओवर न लावता तोच व्हेंडर, तोच कॉस्ट सेंटर (खर्चाचा विभाग), मागच्या ३० दिवसांची बेरीज अशी लावायची. नाक बसवता येतं, फक्त ते बसवायला वरच्यांची तयारी लागते. त्या पीओंमागे बऱ्याचदा वरच्यांचीच घाई असते.

---

कारेलीबाग

तेच म्हणत होतो. आणि मुदत संपली की आपोआप मंजूर, हा प्रकार तरी कुणी सुचवू नका. एका ठिकाणी पाहिलाय. लोक मुद्दाम शुक्रवारी संध्याकाळी टाकायचे.

---

मिरोवाली

यावर मी अर्धी सहमत. पैसे बाहेर जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आपोआप मंजुरी नको. पण तीनही कागद जुळलेलं, पीओवर आधीच सही झालेलं बिल पुन्हा तीन साहेबांकडे कशाला फिरवायचं? पीओच्या वेळी खर्चाला मंजुरी दिली, जीआरएनच्या वेळी माल मिळाल्याचं सांगितलं. बिलावर पुन्हा सही म्हणजे नेमकी कशाला मंजुरी? असं बिल सरळ पेमेंट रनमध्ये जावं आणि माणसाची नजर न जुळलेल्या बिलांवर पडावी.

एका गोष्टीत मात्र उलट, सही वाढवा. व्हेंडरचा बँक खाते क्रमांक बदलायचा असेल तर बदलणारा एक, तपासणारा दुसरा, आणि व्हेंडरच्या आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन. मेलमध्ये आलेल्या नंबरवर नाही. व्हेंडरच्या नावाने खोटी मेल पाठवून खातं बदलून घेण्याची फसवणूक सगळीकडे चालते, आणि चकाचक वर्कफ्लो असला तर चोराचंही काम लवकर होतं.

---

कारेलीबाग

बिलावरची सही काढली तर ऑडिटर खातील.

---

मिरोवाली

ऑडिटर सह्या मोजत नाहीत हो, नियंत्रण कुठे आहे ते विचारतात. उलट १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. तुमचा व्हॉट्सॲपचा अंगठा त्यात कुठे बसतो ते आधी सांगा.

---

कारेलीबाग

आमच्याकडे अंगठा नाही, आमच्याकडे ‘ओके सर’ आहे. असो, सह्यांबाबत माझं मत बदललेलं नाही.

---

सूरसागरकाठ

मीटिंग झाली. सीएफओंनी गेटवरचं घड्याळ मान्य केलं. एका प्लांटात, फक्त पीओवरची बिलं, एवढ्यावर सुरुवात. डायरेक्टरसाहेबांना रजेचा अर्ज आधी हवा होता, कारण तो दाखवायला छान दिसतो. तो एचआरच्या टूलमध्ये आहे तसाच राहील, असं ठरलं.

अजून एक पेच निघाला. आमच्या हुशार मुलांनी गेल्या काही वर्षांत मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेट टूलमध्ये स्वतःचे बरेच फ्लो करून ठेवलेत. दहेजचा रोजचा डिस्पॅच रिपोर्ट अशाच एका फ्लोवर चालतो आणि तो करणारा मुलगा नोकरी सोडून गेला. आयटीने त्याचं खातं बंद केलं आणि रिपोर्ट यायचा थांबला. कुणाला कारणच कळेना. हे सगळे फ्लो बंद करावेत का?

---

रात्रपाळी

बंद करू नका, ती मुलं ज्या कळा सोसून फ्लो लिहितात त्या कळाच तुमची कामांची यादी आहे. यादी काढा: फ्लो कुणाचा, कोणत्या सिस्टिमला हात लावतो, बंद पडला तर कुणाचं काय अडेल. ज्याच्यावर दुसऱ्या खात्याचं काम अवलंबून आहे तो माणसाच्या खात्यावरून काढून सर्व्हिस अकाउंटवर (कुणा एका माणसाचं नसलेल्या खात्यावर) घ्या आणि दुसरा मालक जोडा. स्वतःपुरते आहेत ते राहू द्या.

सांभाळायचं कुणी, हा तुमचा तिसरा प्रश्न राहिला होता. इंजिन चालू ठेवणं, बॅकअप, जोडण्या हे आयटीचं. पण ‘बिल ते पेमेंट’ या अख्ख्या रस्त्याला गेटपासून बँकेपर्यंत एक मालक हवा, आणि तो आयटीचा नको. तुमच्याकडे स्टोअरचा प्रमुख आहे, खरेदीचा आहे, अकाउंट्सचा आहे. मधल्या ट्रेचा कुणीच नाही.

आणि पेमेंटच्या टोकाला एक काळजी. बँकेला सूचना पाठवली, उत्तर आलं नाही, टाइमआउट. इंजिन बिचारं पुन्हा पाठवतं. पहिली सूचना पोचलेली असेल तर पैसे दोनदा जातात. प्रत्येक पेमेंटला स्वतःचा एकच क्रमांक द्या आणि पुन्हा पाठवण्याआधी त्या क्रमांकाचं काय झालं ते बँकेला विचारायला लावा. डेमोमध्ये हे कुणी दाखवत नाही, कारण डेमोमध्ये नेटवर्क कधी जात नाही.

---

तेलकट हात

दोनदा आले तर मी परत करीन, काळजी नसावी. 😄

एक विनंती. व्हेंडरला बघायला एक पान द्या: माल गेटवर कधी आला, क्वालिटीने काय म्हटलं, बिल कुणाकडे आहे, पैसे कोणत्या तारखेला. नाव नको, खातं पुरे. आणि तुमच्या कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर (बिलांवर बँकेकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी सक्तीची आहे, ती केली असेल तर तिथे बिल स्वीकारण्याचं कामही याच वर्कफ्लोत घ्या. तुम्ही तिथे बिल लवकर स्वीकारलंत की मला बँकेकडून पैसे आधी मिळतात, तुम्ही तुमच्या तारखेला बँकेला द्या. नोंदणी करून ठेवतात आणि बिलच स्वीकारत नाहीत, असंही असतं.

---

सूरसागरकाठ

नोंदणी आहे. बिलं स्वीकारण्याचं काम कुणाकडे आहे ते शोधतोय. तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली.

रात्रपाळी, शेवटचं: नियम मधेच बदलले तर अर्ध्या रस्त्यात असलेल्या बिलांचं काय होतं?

---

रात्रपाळी

बहुतेक इंजिनांमध्ये जुनी बिलं जुन्या नियमाने पुढे जातात, नवीन बिलं नव्या नियमाने. मुद्दाम स्थलांतर केलं तरच जुनी नव्यात येतात, आणि ते हाताने तपासून करायचं काम आहे. म्हणून काही काळ दोन्ही आवृत्त्या एकदम चालू असतात, हे अकाउंट्सला आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘सिस्टिम दोन तऱ्हेने वागते’ म्हणून फोन येतील. आणि मार्चमध्ये काहीही नवीन चढवू नका. फेब्रुवारीच्या मध्यानंतर हात लावायचा तो एकदम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात.

---

मिरोवाली

दुसऱ्या नाही, तिसऱ्या. दुसऱ्या आठवड्यात आम्ही जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरत असतो.